ग्लेंडा बॅम्बरचा टॅक्स कोड

ग्लेंडा बॅम्बरनं अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी बदलली, ती काही हौसेनं नाही. बावीस वर्षं ती इंग्लंडमधल्या फ्लीटवुडच्या एका प्राथमिक शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढत होती, आठवड्याला सोळा तास. मग शाळेनं स्वयंपाकघर ठेकेदाराला दिलं, ठेकेदारानं दोन वर्षांत ते बुडवलं आणि स्वतःही गायब झाला. ग्लेंडाच्या हाती ना शेवटचा पगार आला, ना नोकरी सोडल्याचा कागद. जूनमध्ये ती बंदराजवळच्या मासळीच्या शेडमध्ये लागली. बर्फावर मांडलेल्या हॅडॉक माशाच्या तुकड्यांतून चिमट्यानं काटे उपटायचे, सकाळी सहा ते दुपारी दोन. हे काम तिला पॉलीननं मिळवून दिलं. पॉलीन तिच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायची आणि शेडमध्ये तिच्या शेजारीच उभी असायची.

पहिल्या दिवशी तिला एक फॉर्म भरायला दिला. नोकरी सोडल्याचा कागद नसेल तर हा भरावा लागतो. त्यात तीन वाक्यं असतात आणि एकावर खूण करायची असते. ही तुमची या वर्षातली पहिली नोकरी आहे, की आधीची सोडून आलात, की दुसरी चालू ठेवून ही धरलीत. ग्लेंडानं तो कपडे बदलायच्या खोलीत मांडीवर ठेवून भरला. चष्मा घरी राहिला होता, आणि नव्या जागी पहिल्याच दिवशी ‘मला दिसत नाही, वाचून दाखवा’ म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं तिसऱ्या चौकोनात खूण केली, कारण तो एकटाच उजेडात होता.

महिनाअखेरीला चिकटवलेलं पाकीट मिळालं. फाडून बघते तर पगार साडेअठराशे आणि त्यातला पावणेचारशे पौंड टॅक्स. कोडाच्या रकान्यात नुसतं ‘बी आर’. आता हे कुणाला विचारायचं? त्या गावात माणूस आपल्या मूळव्याधीबद्दल बसमध्ये मोठ्यानं बोलेल, पण पगाराबद्दल सख्ख्या भावालाही सांगणार नाही. शेडमधल्या बायका पाकीट न फोडताच पिशवीत टाकायच्या आणि घरी जाऊन न्हाणीघरात उघडायच्या. ग्लेंडानं ते तीन दिवस खिशात वागवलं आणि चौथ्या दिवशी जिना चढून ऑफिसात गेली.

पगाराचं बघायला फरझाना नावाची प्रेस्टनची मुलगी होती. तोंडानं फटकळ, पण कामाला चोख.

“मिसेस बॅम्बर, तुम्हाला अजून एक नोकरी आहे का?”

“नाही गं. ही एकच झेपेना झालीय.”

“मग तुम्ही लिहून दिलंय की आहे. टॅक्सवाल्यांना वाटलं, तुमची बिनटॅक्सची सूट तिकडच्या नोकरीत वापरली जातेय. म्हणून इथं ‘बी आर’ लावून पहिल्या पौंडापासून कापलं. घाबरू नका, मी कळवते. पुढच्या महिन्यात परत येईल.”

आणि खरंच आलं. जुलैच्या पाकिटात जास्तीचं कापलेलं परत मिळालं, आणि ‘बी आर’च्या जागी ‘११३१ एन’ छापलेलं होतं. ग्लेंडा या खेपेला चष्मा लावून वर गेली. ऑफिसच्या दारावर एक कागद डकवलेला होता, त्यावर नेहमीचा कोड म्हणून १२५७ एल लिहिलं होतं. तिचा आकडा त्याहून कमी होता.

“हे बरोबर आहे का?” तिनं विचारलं.

“बरोबरच आहे. आकड्याच्या शेवटी एक शून्य लावायचं, वर्षाला तेवढ्या पौंडांवर टॅक्स नाही. सगळ्यांना साडेबारा हजार, तुम्हाला अकरा हजार तीनशे. तुमच्या पुढं एन आहे ना? म्हणजे बिनटॅक्सच्या रकमेतला दहावा हिस्सा तुम्ही नवऱ्याला देऊन टाकलाय. त्यांच्या कोडापुढं एम असणार. लग्नाची सवलत म्हणतात तिला.”

ग्लेंडा त्या एनकडे बघत राहिली. फरझानाला वाटलं, हिला समजलं नाही.

“शाळेत तुम्ही कमी कमवायचात, तेव्हा तुम्हाला टॅक्सच नव्हता. दिलं काय, ठेवलं काय, सारखंच. आता तुम्ही पूर्ण पगार घेता. म्हणजे महिन्याला एकवीस पौंड तुमच्या खिशातून जातात आणि एकवीस त्यांच्या खिशात पडतात. मिस्टर काय करतात?”

“समुद्रावर असतो. पवनचक्क्यांच्या बोटीवर.”

“मग दणकून मिळत असेल. त्यांना एकवीस पौंडांचं काय कौतुक? बंद करून टाका. फोन तर करायचाय.” तिनं पडद्यावर बघून वाचलं. “तुमचा पगार वाढला म्हणून बंद केलं तर पुढच्या एप्रिलपासून होईल. लग्न मोडलं असेल तर लगेच. ते काही तुमचं नाही म्हणा.”

“बघते,” ग्लेंडा म्हणाली आणि जिना उतरली.

तिच्या आणि क्लाइव्हच्या संसाराबद्दल आता सांगायलाच हवं. क्लाइव्ह बॅम्बर हा मॉरकम खाडीत समुद्रातून गॅस काढायच्या फलाटावर कामाला होता, तीन आठवडे तिकडे आणि तीन आठवडे घरी. घरी असला की बाऊल्स क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा आणि बाकीचा वेळ पेपर वाचायचा. मूलबाळ नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं पेपरात या सवलतीबद्दल वाचलं आणि टेबलावर बोट आपटून म्हणाला, “ग्लेंडा, तुझी सूट फुकट चाललीय. तुझ्या कमाईत ती पुरी वापरलीच जात नाही.” हे बोलणं लागावं असंच होतं, पण तिला लागलं नाही. उलट बरं वाटलं. एकोणतीस वर्षं ती त्याच्या पगारावर जगली होती. आता तिच्याकडे त्याला देण्यासारखं काहीतरी निघालं होतं, आणि ते सरकारनंच मान्य केलं होतं. अर्ज तिनंच करायचा होता, कारण देणाऱ्यानंच द्यायला लागतं. तिनं आनंदानं केला. वर्षाला अडीचशे पौंड वाचले. क्लाइव्ह म्हणाला, साठवू आणि तुला कुठंतरी उन्हाच्या देशात नेऊ. पहिल्या वर्षी त्याचा गळ आला, दुसऱ्या वर्षी गळाचं रीळ. ऊन काही आलं नाही.

पाच वर्षांपूर्वी तो तीन आठवड्यांसाठी गेला आणि परतलाच नाही. व्हिट्बीला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्यावर, एका बाईचा चाकांवरच्या घरांचा, कॅराव्हानांचा तळ होता. तिथं राहायला लागला. फोनवर त्यानं सांगितलं की मी काही येत नाही, घर तुला ठेव. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ग्लेंडा “बरं” म्हणाली आणि तिनं बटाटे सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत पॉलीननं विचारलं, “क्लाइव्ह केव्हा येतोय गं?” आणि ग्लेंडाच्या तोंडून निघून गेलं, “त्याला पवनचक्क्यांच्या बोटीवर काम लागलंय. या खेपेला जास्त दिवस आहे.” बस, एवढंच. एका दिवसासाठी मारलेली थाप पाच वर्षं चालली. नवरा समुद्रावर असणारं घर त्या गावात कुणाला नवं नाही. ती त्याचं जाड जाकीट दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवायची आणि नाताळात ‘ग्लेंडा आणि क्लाइव्हकडून’ अशी कार्डं पाठवायची. घटस्फोटाला सहाशे पौंड लागतात, पण खरी अडचण पैशाची नव्हती. त्यासाठी कुणाला तरी तोंडानं सांगावं लागलं असतं की मला नवऱ्यानं टाकलं. ते वाक्य तिनं आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा नाही.

त्यात हा एन आला.

पहिल्यांदा तिला गंमत वाटली, मग वेगळंच काहीतरी वाटू लागलं. कुठल्यातरी सरकारी खात्यात अजून ती दोघं नवरा-बायको म्हणून शेजारी शेजारी लिहिलेली होती. तिच्यापुढं एन, त्याच्यापुढं एम. त्याच्याही हातात दर महिन्याला पगाराचा कागद पडत असेल. तो एम बघून त्याला आठवत असेल का, की हे कुणी दिलंय? लाज वाटत असेल का? एखाद दिवशी फोन करून म्हणेल का, की ग्लेंडा, तुझं तू परत घे? ती वाट बघायला लागली. कशाची, ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं. मला विचाराल तर त्या बाईला पैसे परत नकोच होते, तिला ते परत देणारा हवा होता.

शेडमध्ये रोज गप्पा चालायच्याच. चहाच्या सुटीत बायका बाहेर भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

“तुझं बरंय बाई,” पॉलीन म्हणायची. “नवरा घरात नाही, कटकट नाही. आमचा केन बघ. सकाळी खुर्चीत बसतो, आणि खुर्ची आणि तो यातलं कोण कोण आहे ते संध्याकाळी ओळखू येत नाही.”

“क्लाइव्ह आला की मलाही कळतं,” ग्लेंडा म्हणायची. “नुसते मोजे धुवायचे.”

“मोजे तरी आहेत. केन काढतच नाही.”

सगळ्या हसायच्या. ग्लेंडाही हसायची, आणि आत जाऊन पुन्हा चिमटा हातात घ्यायची.

सप्टेंबरात तिच्या मनानं एक हिशेब मांडला आणि तो काही केल्या पुसला जाईना. टॅक्स, सरकारी विमा जाऊन तासाला तिच्या हाती साडेआठ पौंड पडत होते. म्हणजे एकवीस पौंडांसाठी अडीच तास. महिन्यातले अडीच तास ती बर्फात हात घालून क्लाइव्हसाठी काटे उपटत होती. कुणाच्या कॅराव्हानात बसून तो ते खात होता, त्याचा तिनं विचार करायचा नाही असं ठरवलं, आणि मग दिवसभर तोच विचार केला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहा ते साडेआठ ती मनातल्या मनात म्हणायची, हे तुझं. साडेआठनंतरचं माझं. यानं राग कमी होईल असं तिला वाटलं होतं. तो वाढला.

ऑक्टोबर संपता संपता थंडी पडली आणि तिच्या हातांची बोटं सुजली. डॉक्टरीणबाई म्हणाली, “हात ऊबदार ठेवा, घर गरम ठेवा.” घर गरम ठेवायचं म्हणजे गॅस जाळायचा. ग्लेंडा संध्याकाळी एक तास हीटर लावायची आणि मग कोट घालून बसायची. एका रविवारी तिला मुरंब्याच्या बरणीचं झाकण उघडता येईना. फडकं लावलं, गरम पाणी ओतलं, दारात अडकवून बघितलं. शेवटी बरणी तशीच फडताळात ठेवून तिनं कोरडा टोस्ट खाल्ला. एकवीस पौंडांत महिनाभर रोज अजून एक तास हीटर चालला असता. तिनं ठरवलं, बास. आणि एप्रिलची वाट बघायची नाही. पगार वाढला वगैरे सबब सांगायची नाही. जे झालंय ते सांगायचं आणि आपलं आपण परत घ्यायचं.

मंगळवारी तिला सुटी होती. सकाळी नऊला तिनं कर खात्याचा नंबर लावला. पलीकडं एकच धून वाजत राहिली. पन्नास मिनिटं. तेवढ्यात तिनं दोनदा चहा केला आणि ते वाक्य किटलीकडे बघून म्हणून पाहिलं. माझं लग्न मोडलंय. किटलीला सांगतानाही आवाज घोगरा झाला. पाव ठेवायच्या डब्यामागं कर खात्याची तपकिरी पाकिटं पडली होती, एक तर गेल्याच आठवड्यातलं. ती कुणी लगेच उघडत नसतं, त्यात चांगलं काही नसतंच. विम्याचा नंबर सापडावा म्हणून तिनं त्यातलं एक जुनं पाकीट तेवढं ओढून घेतलं.

शेवटी एका माणसाचा आवाज आला, स्कॉटिश, मवाळ. त्यानं नाव विचारलं, जन्मतारीख, पत्ता, विम्याचा नंबर. मग म्हणाला, “बोला मिसेस बॅम्बर, काय मदत करू?”

“ती लग्नाची सवलत,” ग्लेंडा म्हणाली. “मी नवऱ्याला दिलेली. मला ती बंद करायचीय. माझं लग्न...” तिनं श्वास घेतला. “माझं लग्न मोडलंय. पाच वर्षं झाली. तो दुसऱ्या बाईकडे राहतो.”

निघालं एकदाचं तोंडातून. घराला काही झालं नाही. खुर्ची होती तिथं होती, खिडकीबाहेर डाकवाला चालला होता. तिला इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ हसलीच.

पलीकडं कळफलकाचा आवाज आला, मग थांबला.

“मिसेस बॅम्बर, ती तर बंद झालीय. ऑक्टोबरमध्येच. तुमचा कोड आता बाराशे सत्तावन्न एल आहे. तुम्हाला पत्र आलं असेल.”

“त्यानं बंद केली?”

तो माणूस थोडा गोंधळला. “नाही, म्हणजे... ती आपोआप होते. मृत्यूची नोंद झाली की. तुमच्या मिस्टरांबद्दल वाईट वाटलं हो.”

ग्लेंडानं हातातलं जुनं पाकीट टेबलावर उलटं ठेवलं. तो आपला भला माणूस, शांतता भरून काढायला बोलत राहिला.

“घरच्यांपैकी कुणी कळवलं असेल. आता सोय आहे ना, एकदाच कळवायचं, मग ते सगळीकडं जातं. पेन्शनला, पासपोर्टला, गाडीच्या लायसन्सला. लायब्ररीलासुद्धा. आधीच दुःखात असलेल्या माणसानं किती ठिकाणी फोन करायचे?”

“खरंय,” ग्लेंडा म्हणाली. “थँक्यू.” आणि तिनं फोन ठेवला.

म्हणजे व्हिट्बीतल्या त्या बाईनं एकदाच सांगितलं आणि सगळ्यांना कळलं. क्लाइव्हनं कुठलं पुस्तक परत केलं नसेल तर त्या लायब्ररीलाही कळलं. बायकोला कळवायचा रकाना त्या यादीत नव्हता. असता तरी त्या बाईनं त्यावर खूण केली असती असं नाही, पण निदान रकाना तरी असायला हवा होता. ग्लेंडा दिवसभर स्वयंपाकघरात बसून राहिली. रडू आलं, पण ते कुणासाठी रडायचं, ते ठरेना. टाकून गेलेल्यासाठी रडायचं तर पाच वर्षं उशीर झाला होता, आणि मेलेल्यासाठी रडायचा हक्क दुसरीकडं गेला होता.

बुधवारी ती कामावर गेली. रात्रभर तिनं एकच गोष्ट पक्की केली होती. आता थाप नाही. एकदा फोनवर बोलता आलं तर पॉलीनशीही येईल. चहाच्या सुटीत बाकीच्या आत होत्या, बाहेर भिंतीजवळ दोघीच.

“पॉलीन, मला तुला एक सांगायचंय. क्लाइव्ह समुद्रावर नाही. नव्हताच. पाच वर्षांपूर्वी तो मला सोडून गेला. व्हिट्बीला, एका बाईकडे.” ती थांबली. “आणि आता तो वारला. मला काल कळलं. टॅक्सवाल्यांकडून.”

पॉलीनच्या हातातला कप तसाच राहिला.

“काल?” ती म्हणाली. “अगं, काल?”

“हो.”

पॉलीननं कप भिंतीवर ठेवला. तिचा चेहरा आश्चर्याचा नव्हता. ग्लेंडानं तो नीट बघितला.

“तुला माहीत होतं.”

“ग्लेंडा, सगळ्यांनाच माहीत होतं गं. तो व्हिट्बीला गेला त्याच वर्षी. क्लबातली माणसं त्याच्याशी फोनवर बोलायची. तू समुद्र समुद्र करत होतीस, आम्ही म्हटलं, बाईला तसं बरं वाटतंय, तर तसं. आपण कोण विचारणारे?”

“आणि आता? ऑक्टोबरात?”

पॉलीननं तिच्याकडे बघायचं टाळलं. “छातीत कळ आली म्हणे, रविवारी सकाळी. केनला त्याच दिवशी फोन आला. क्लबानं हार पाठवला. तेविसाला अंत्यविधीला मिनीबस करून सहाजण गेले. मी तुला म्हटलं, मॅचला गेलेत.”

“मला का नाही सांगितलंस?”

“मी सांगणार होते. देवाशपथ. तो गेल्यावर चार दिवसांनी, गुरुवारी, इथंच, ह्याच भिंतीपाशी. म्हटलं, तिला कळलंय का आधी बघावं. म्हणून मी मुद्दाम विचारलं, ‘क्लाइव्ह कसा आहे गं?’ तू म्हणालीस, ‘मजेत आहे. कालच फोन आला होता.’” पॉलीन आता तिच्याकडेच बघत होती. “कालच फोन आला होता, म्हणालीस तू. तिकडं वारा फार आहे म्हणालीस. मग मी कुठल्या तोंडानं सांगायचं, ग्लेंडा? तूच सांग.”

ग्लेंडाला तो गुरुवार आठवेना. पाच वर्षांत असं इतक्यांदा म्हटलं होतं की त्यातला तो कुठला, हे काही केल्या सापडेना. आत शिट्टी झाली. दोघींनी हातमोजे चढवले. पॉलीन दार उघडून धरून उभी राहिली, आणि ग्लेंडा तिच्यासमोरून आत जाऊन बर्फापाशी उभी राहिली.